डाय बदलायला पुन्हा तासभर लागतोय? सुधारणा टिकत नाही तेव्हा काय तपासायचं

बडोद्याच्या मकरपुरा, पोर-रमणगामडी, सावली-मंजुसर या पट्ट्यातल्या प्रेस शॉपमध्ये ही तक्रार ठरलेल्या वळणाने येते. काम पॅनेल बोर्डाच्या ब्रॅकेटचं, ट्रान्सफॉर्मर लॅमिनेशनचं, वॉशर आणि क्लिपचं. प्रेस ५० ते १०० टनी, सी-फ्रेम (C आकाराच्या सांगाड्याची). डाय (पत्रा कापायचा, वाकवायचा साचा) बदलायला ७० मिनिटं लागायची. मग कोणीतरी अभ्यास केला, ट्रॉली आली, पाने फळ्यावर टांगले गेले आणि वेळ २५ मिनिटांवर उतरला. तीन महिन्यांनी पाहावं तर ५०. मीटिंग होते, ताकीद मिळते, पंधरा दिवस बरे जातात आणि गाडी पुन्हा ५० वर.

यावर ठरलेलं निदान म्हणजे ‘पोरं ढिली पडली’. व्हिडिओ काढून पाहिलात तर पाना फिरवणारा हात पूर्वीइतक्याच वेगाने चालताना दिसेल. घसरलेला वेळ जवळजवळ नेहमी तीन जागी सापडतो: डाय खोलायच्या आधीची शोधाशोध, रॅमची (प्रेसच्या वर-खाली होणाऱ्या भागाची) उंची जुळवणं आणि पहिला नग पास होईपर्यंतची वाट. त्यामुळे माणसाला बोल लावण्याआधी या तीन जागा पाहायच्या.

मोजमाप कुठून कुठपर्यंत?

जुन्या जॉबचा शेवटचा चांगला नग पडला, तिथे घड्याळ सुरू. नव्या जॉबचा पहिला चांगला नग नेहमीच्या वेगाने पडला, तिथे बंद. बऱ्याच ठिकाणी सेटर (डाय बसवणारा कारागीर) ‘डाय बसली’ म्हणतो तिथेच वेळ लिहिला जातो, आणि पुढची क्यूसीची (गुणवत्ता तपासणीची) १५ मिनिटं कोणाच्याच खाती पडत नाहीत. कागदावर २५ आणि उत्पादन मात्र वाढलेलं नाही, अशी तक्रार असेल तर पहिला संशय इथेच घ्या.

दोन्ही वेळा ऑपरेटरने लिहाव्यात, सेटरने नव्हे. प्रेसजवळ भिंतीवर घड्याळ हवं. ते नसलं की प्रत्येकजण पाळी संपताना आठवून लिहितो, आणि आठवलेले सगळे आकडे पाचाच्या पटीत येतात. नोंदवहीत २५, ३०, २५, ३०, ३५ असेच आकडे दिसले तर ती नोंद अंदाजाने केलेली आहे असं समजा.

मग किमान तीन डाय-बदलांचा व्हिडिओ काढा, त्यातला एक रात्रपाळीचा. एक मोबाइल ट्रायपॉडवर स्थिर ठेवा, म्हणजे प्रेस सतत दिसेल. दुसरा घेऊन एकाने सेटरच्या मागे चालायचं, कारण मजेदार भाग सेटर प्रेसपासून लांब जातो तेव्हाच घडतो. तरसाली आयटीआयचे अ‍ॅप्रेंटिस असतील तर हे काम त्यांना द्या. चार दिवसांत तेही शिकतात आणि सेटरला साहेब पहारा देतोय असं वाटत नाही. व्हिडिओ कशासाठी काढतोय ते सेटरला आधी सांगा आणि तो त्याच्यासोबत बसूनच पाहा. निम्म्या अडचणींची कारणं तो तिथल्या तिथे सांगतो.

नमुन्यासाठी ७० मिनिटांची अशी फोड धरा:

शोधाशोध आणि आणणं (डाय, पॅकिंग, पाना, पत्र्याची पट्टी): १६
जुनी डाय सोडवून काढणं: ८
नवी डाय चढवून मध्यावर आणणं: ९
क्लॅम्प कसणं: ६
रॅमची उंची, चाचणीचे स्ट्रोक: १७
पहिल्या नगाची तपासणी, वाट पाहणं: १४

खोलणं, चढवणं आणि कसणं मिळून होतात २३. उरलेली ४७ मिनिटं हातकामाची नाहीतच. सुधारणेनंतरची आणि घसरल्यानंतरची अशीच फोड शेजारी ठेवा. कोणती ओळ फुगली ते दिसलं की पुढे कुठे वाचायचं ते कळेल.

शोधाशोधीची ओळ फुगली असेल तर

जपानी अभियंते शिगेओ शिंगो यांनी १९५० साली हिरोशिमाच्या टोयो कोग्यो कारखान्यात (आजची माझदा) ८०० टनी प्रेसवर हेच पाहिलं होतं. डाय बांधायचा एक बोल्ट सापडेना आणि कामगार त्याच्या शोधात तासाहून अधिक वेळ फिरला. मशीन थांबवूनच करावी लागणारी कामं आणि मशीन चालू असताना उरकता येणारी कामं, ही विभागणी तिथून सुरू झाली. १९६९ मध्ये टोयोटात १००० टनी प्रेसचं चार तासांचं काम आधी दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर आलं. या तीन मिनिटांचं पोस्टर पुष्कळ कारखान्यांत दिसतं. बोल्ट मात्र अजून शेजारच्या प्रेसचाच वापरला जातो.

विभागणी सगळ्यांना माहीत असते. सुधारणेच्या दिवसांत पुढची डाय ट्रॉलीवर तयार असते, मग हळूहळू ती तयार राहीनाशी होते. याची दोन कारणं वारंवार सापडतात.

पहिलं, प्लॅन बदलतो. सेटरने ११२ नंबरची डाय काढून, पुसून, ट्रॉलीवर लावून ठेवली आणि ऐन वेळी सांगण्यात आलं की आधी ८७ लावा, गिऱ्हाइकाची गाडी दारात उभी आहे. असं चार वेळा झालं की पाचव्यांदा तो आधी तयारी करतच नाही, आणि त्याचं बरोबर आहे. इलाज सेटरकडे नाही, प्लॅनिंगकडे आहे. प्रत्येक प्रेसवरचे पुढचे दोन जॉब गोठवा. घाईचा जॉब आला तर तो तिसऱ्या जागी शिरेल. अपवाद कोणी करायचा ते एकाच माणसावर ठेवा आणि प्रत्येक अपवाद फळ्यावर लिहा. शेठचा फोन आला की गोठवलेलं वितळतं हे खरं, पण महिन्याला किती वेळा वितळलं हा आकडा शेठसमोर ठेवला की फोन कमी होतात.

दुसरं, तयारी कोणाची हेच ठरलेलं नसतं. ‘सगळ्यांनी मिळून’ करायचं काम रात्रपाळीत कोणीच करत नाही. चालू जॉबचे साधारण अर्ध्या तासाचे नग उरले की ऑपरेटरने प्रेसवरची पिवळी बत्ती लावायची आणि हेल्परने ट्रॉली भरायला घ्यायची. त्याचं नाव पाळीच्या तक्त्यावर हवं.

ट्रॉलीवर काय असावं: डाय, तिचे चार क्लॅम्प आणि चार टी-बोल्ट, २४ चे दोन रिंग पाने (एम१६ बोल्ट असतील तर, एम२० ला ३० चा पाना), फीलर गेज (फट मोजायच्या पात्या), जॉबचं ड्रॉइंग, गो-नोगो गेज (माप हद्दीत आहे की नाही एवढंच सांगणारं), मागच्या खेपेचा शेवटचा नग, तेलाची पिचकारी आणि पुसायला कापड. खालच्या खणात जास्तीचे दोन बोल्ट. प्रत्येक वस्तूची जागा रंगाने आखा, म्हणजे रिकामी जागा लांबूनही दिसते. पाने पळतात. मेंटेनन्सकडे स्वतःचा सेट नसेल तर ट्रॉलीचा पळणारच; त्यांना वेगळा सेट द्या, कुलपं लावण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

रॅमच्या उंचीची ओळ: मुख्य चोर इथे आहे

घसरणीच्या तक्रारींत बहुतेक वेळा हीच ओळ मोठी असते आणि सगळ्यात शेवटी पाहिली जाते. कारण हे काम ‘अनुभवाचं’ समजलं जातं. सेटर रॅम खाली आणतो, डोळ्याने पाहतो, स्क्रू फिरवतो, एक स्ट्रोक मारतो, नग पाहतो, पुन्हा स्क्रू. प्रत्येक फेरीला दोन-तीन मिनिटं, आणि अशा सहा-सात फेऱ्या.

प्रेसची शट हाइट म्हणजे स्ट्रोक तळाला आणि अ‍ॅडजस्टमेंट पूर्ण वर असताना बोल्स्टरपासून (डाय बसते त्या खालच्या पाटापासून) रॅमच्या तळापर्यंतचं अंतर. समजा ते ३०० मिमी आहे आणि अ‍ॅडजस्टमेंट ६० मिमी. म्हणजे २४० ते ३०० मिमी बंद उंचीची (मिटल्यावरच्या उंचीची) डाय या प्रेसवर बसेल. आता रॅकवरच्या डायची बंद उंची मोजा. एक २३८, एक २६२, एक २५१. म्हणजे प्रत्येक बदलाला रॅम १०-२० मिमी वर-खाली करायचा आणि २३८ च्या खाली पॅकिंग शोधायचं.

इलाज असा की एका प्रेसवरच्या सगळ्या डायची बंद उंची एकच ठेवायची. वरच्या उदाहरणात २७० ठरवली तर २३८ च्या डायखाली ३२ मिमीचे पॅरलल (सारख्या जाडीच्या पट्ट्यांची जोडी), २६२ खाली ८ मिमीची प्लेट, २५१ खाली १९ मिमी. जोडीतले दोन्ही पॅरलल एकत्र लावून सरफेस ग्राइंडरवर घ्या, जाडीतला फरक ०.०२ मिमीच्या आत ठेवा. स्लग (कापून पडणारा तुकडा) पडायचं भोक झाकलं जाणार नाही असे ते बसवा, पण एकमेकांपासून फार लांब नको. मधला आधार गेला की खालची प्लेट दाबाखाली वाकते, आणि बर (कापलेल्या कडेवरची खरखरीत कोर) एका बाजूला जास्त येऊ लागला की लोक डायलाच दोष देतात. प्लेट वापरणार असाल तर तिला स्लगचं भोक पाडून घ्या.

हे पॅरलल डायला बोल्टने कायमचे बांधून टाका. पहिल्या सुधारणेत ते करून घेतलेले असतात, पण सुटे. दोन महिन्यांत एक जोडी दुसऱ्या डायखाली जाते, एक पॅरलल हातोडीखाली ऐरण म्हणून वापरला जातो आणि सेटर पुन्हा पत्र्याचे तुकडे शोधायला लागतो. डायच्या खालच्या प्लेटला दोन काउंटरबोअर मारून अ‍ॅलन बोल्टने पॅरलल पक्के केले की हा प्रश्न त्या डायपुरता संपतो.

तरीही उंची पुन्हा बिघडते, आणि याचं कारण टूलरूममध्ये असतं. डाय धारेला जाते. डाय ब्लॉक (खालचा कापणारा भाग) ०.१५ मिमी घासला, पंच (वरचे कापणारे भाग) ०.१० घासले, म्हणजे बंद उंची पाव मिलिमीटरने उतरली. दुसऱ्या, तिसऱ्या धारेनंतर फरक पाऊण मिलिमीटरचा झाला. डायवर रंगाने लिहिलेलं ‘२७०’ आता खोटं आहे. सेटर आकड्यावर विश्वास ठेवून रॅम तसाच ठेवतो, पट्टी कापली जात नाही, मग तो पूर्वीसारखा अंदाजाने उतरवायला लागतो. एकदा आकडा खोटा ठरला की पुढे तो सगळ्याच आकड्यांकडे दुर्लक्ष करतो. म्हणून तुमच्याकडे ‘चांगल्या चाललेल्या’ डायनाही तेवढाच वेळ लागायला लागला असेल तर धार लावण्याची नोंद तपासा.

नियम असा ठेवा: धार लावून परत येणारी डाय उंची भरून काढल्याशिवाय रॅकवर जाणार नाही. डाय ब्लॉक जेवढा घासला तेवढी शिम (पातळ पत्र्याचं पॅकिंग) त्याच्याच खाली, म्हणजे पट्टी सरकण्याची पातळीही मूळ जागी येते. पंचाकडची कसर पंचाच्या मागे. पातळ शिमांची चळत नको. तीन-चार जमल्या की त्या काढून एक ग्राइंड केलेली प्लेट घाला. प्रोग्रेसिव्ह (टप्प्याटप्प्याने काम करणाऱ्या) डायमध्ये पंच घासले की पायलट (पट्टी जागेवर आणणाऱ्या पिना) त्यांच्या मानाने लांब पडतात, तेही त्याच वेळी पाहून घ्या. आणि डायच्या कार्डावर तारीख, किती घासलं, शिम किती, मोजलेली बंद उंची, या चार गोष्टी. धार लावून घेणं बाहेर जॉबवर्कला असेल तर चलनावरच ‘किती मिमी घासलं’ हा रकाना छापून घ्या, नाहीतर तिथून कधीही कळणार नाही.

बारीक जुळवणी उरतेच, पण तिलाही माप द्या. अ‍ॅडजस्टमेंट स्क्रूचा पिच ६ मिमी असेल तर पाव फेरी म्हणजे दीड मिमी. १.६ मिमी पत्र्याच्या कामात हा जवळजवळ पत्र्याच्या जाडीएवढा फरक आहे, आणि सेटर मात्र ‘थोडंसं’ म्हणून पाव फेरी देतो. स्क्रूच्या गळ्यावर १२ समान खुणा कोरून घ्या. एक खूण म्हणजे अर्धा मिमी. मग ‘दोन खुणा खाली’ असं सांगता येतं, लिहिता येतं. पंच गरजेपेक्षा खोल शिरला की धार लवकर जाते, डाय लवकर ग्राइंडिंगला जाते आणि वरचंच चक्र लवकर फिरतं.

डाय सेटमध्ये उंचीचे स्टॉप ब्लॉक असतील तर उत्तम, पण ते ठोकून घेऊ नका. रॅम तळाला असताना फीलर गेजने ०.०५ ते ०.१० मिमी फट राहील असं लावा. ब्लॉकवर ब्लॉक आदळत चालला तर प्रेसवर नको तेवढा भार येतो आणि कधीतरी रॅम तळाला अडकून बसतो. रॅकवर ठेवताना वर-खालच्या प्लेटमध्ये ठेवायचे ठोकळे निराळे. ते लाल रंगवा आणि साखळीने डायलाच बांधा. ते आत राहून स्ट्रोक मारला गेला तर त्या दिवशी डाय बदलण्याच्या वेळेची चर्चा कोणी करत नाही.

क्लॅम्प आणि मध्य

इथे वेळ कमी असतो आणि तो सहसा घसरत नाही, म्हणून थोडक्यात. खालच्या प्लेटांची जाडी २५, ३२, ४० अशी वेगवेगळी असेल तर क्लॅम्पच्या मागच्या ठोकळ्यांसाठी शोधाशोध होते. क्लॅम्प जिथे बसतो तेवढ्याच जागी मिलिंग करून किंवा बोल्टने पायरी लावून सगळ्यांची उंची एक करा. वेल्डिंग नको, ग्राइंड केलेली प्लेट वाकते. प्लेटला उघडे खाचे असतील तर बोल्ट बाजूने सरकतो, नट पूर्ण काढावा लागत नाही. एम१६ ला १८ मिमीचा खाचा, एम२० ला २२ मिमीचा. लांबलचक स्टड असेल तर तो कापा: एम२० चा पिच २.५ मिमी, म्हणजे ५० मिमी उतरवायला नटाच्या २० फेऱ्या, आणि प्रत्यक्षात पकडते ती शेवटची एकच.

पट्टी-क्लॅम्पमध्ये बोल्ट डायच्या जवळ हवा, मागच्या ठोकळ्याच्या जवळ नव्हे, आणि मागची बाजू किंचित उंच. उलट लावला की जोर ठोकळ्यावर जातो, डाय चालता चालता सरकते आणि सगळी जुळवणी पहिल्यापासून.

मध्यासाठी बोल्स्टरवर मागे एक पक्का स्टॉप आणि बाजूला एक. डाय ढकलली, दोन्हींना टेकली, मध्य मिळाला. शँकच्या (रॅमच्या भोकात बसणाऱ्या दांड्याच्या) डायला हा मध्य शँकच देतो, पण रॅमचं भोक झिजलेलं असेल तर नाही. तपासायला शँक भोकात घालून हाताने हलवून पाहा.

पहिला नग पास होईपर्यंत

डाय बसलेली, ऑपरेटर उभा, सेटर नग घेऊन क्यूसीकडे गेलेला. क्यूसीवाला स्टोअरमध्ये. १४ मिनिटं.

बाकी सगळं सुधारल्यावर हीच ओळ सगळ्यात मोठी राहते, तरी ती प्रेस शॉपची समजली जात नाही म्हणून हात लावला जात नाही. ड्रॉइंगवरची सगळी मापं पहिल्या नगावर तपासायची गरज नसते. डाय बसवताना खरोखर बदलू शकतात अशी तीन-चार मापं असतात: बेंडची उंची, पट्टीच्या कडेपासून भोकाचं अंतर, बरची उंची. भोकाचा व्यास पंचावर ठरतो, तो सेटिंगने बदलत नाही. बदलणाऱ्या मापांसाठी गो-नोगो गेज ट्रॉलीवर ठेवा, सेटरने स्वतः तपासून चालू करावं आणि क्यूसीने पुढच्या १५ मिनिटांत पूर्ण तपासणी करून सही द्यावी. तोवरचे नग वेगळ्या लाल ट्रेमध्ये. ग्राहकाची अट आधी तपासणी, मग उत्पादन अशी असेल तर क्यूसीला पिवळी बत्ती लागल्याबरोबर कळवा, डाय बसल्यावर नव्हे.

मागच्या खेपेचा शेवटचा नग तारेने डायला बांधून ठेवायची सवय सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात लवकर मोडणारी. तो नग दोन गोष्टी सांगतो: बेंड कसा असायला हवा ते, आणि डाय काढली तेव्हा तिची धार कशी होती ते. बर दिसतोय तर डाय रॅकवर नाही, टूलरूममध्ये जायला हवी. हे त्या वेळी केलं नाही तर पुढच्या खेपेला डाय चढवून, जुळवून, नग काढून मग कळतं की धार गेलीय. पूर्ण बदल वाया. नोंदवहीत एकाच डायचा एखादा बदल दोन तासांचा दिसला तर बहुधा हेच घडलेलं असतं. तार नाही तर नग नाही, म्हणून रॅकच्या खांबाला तारेचं बंडल आणि पकड लटकवून ठेवा.

ठरवलेला वेळच चुकीचा असेल तर

सुधारणेच्या दिवशी सगळ्यात चांगल्या सेटरने २१ मिनिटांत डाय बदलली आणि तोच वेळ फळ्यावर लिहिला गेला. दुसऱ्यांना तो कधीच जमणार नाही, मग त्याकडे कोणी पाहणारही नाही. त्याचं रेटिंग (साधारण कामगाराचा वेग १०० धरून) १२० असेल आणि सगळा वेळ हातकामाचा धरला तर मूळ वेळ २१ × १.२०, म्हणजे २५.२ मिनिटं. त्यावर वैयक्तिक गरज ५ आणि थकवा ४ टक्के धरले तर २७.५. फळ्यावर २८ लिहा. रेटिंग हातकामालाच लावायचं. चाचणीच्या स्ट्रोकचा वेळ आहे तसा धरा.

मे महिन्यात बडोद्यात पारा ४२-४३ पर्यंत जातो आणि पत्र्याच्या शेडखाली दुपारी दोनला ८० किलोची डाय ओढणं वेगळंच काम असतं. जानेवारीत काढलेला आकडा तेव्हा लागू पडत नाही. त्या दिवसांसाठी थकव्याची सूट वाढवा किंवा जड डाय पहिल्या पाळीच्या सुरुवातीला घ्या. दुसरा उपाय जास्त चालतो.

आता पैशाची बाजू. बोनस स्ट्रोकवर असेल आणि डाय बदलण्याचा वेळ ‘रिकामा’ धरला जात असेल तर अवघड डाय पुढच्या पाळीच्या गळ्यात टाकण्याकडे कल राहतोच. पाळीत तीन बदल झाले तर २८ × ३, म्हणजे ८४ मिनिटं काम केल्यासारखी जमा धरा. सेटरलाही त्यात वाटा द्या. आणि वेळ उतरला म्हणून लगेच दर कापू नका. एकदा कापलात की पुढची प्रत्येक सुधारणा तुमच्यापासून लपवली जाईल.

ठरावीक महिन्यांतच घसरत असेल तर

नोंद तारखेप्रमाणे मांडून पाहा. होळीला दाहोद-पंचमहालकडची माणसं गावी जातात, उत्तरायणाला (संक्रांतीला) दोन दिवस शेडमध्ये कोणी नसतं, आणि नवरात्रात दुसरी पाळी नऊ रात्री पातळ असते. गरबा सोडून ओव्हरटाइम करणारा सेटर बडोद्यात मिळत नाही, मराठी असला तरी. फुगवटा याच दिवसांत आणि त्यानंतरच्या आठवड्यात दिसत असेल तर दोष पद्धतीचा नाही, ती एकाच माणसाच्या डोक्यात असल्याचा आहे. प्रत्येक पाळीत दुसरा सेटर तयार करा, आणि नवरात्राच्या आधीच्या महिन्यात मुख्य सेटरने फक्त उभं राहून पाहायचं, हात दुसऱ्याचे. प्रत्येक डायचं एका पानाचं कार्ड पुरे: फोटो, बंद उंची, क्लॅम्पच्या जागा, फीडची लांबी, त्या डायची खोड. ‘खोड’ हा रकाना नक्की ठेवा.

वेळ उतरला, पण फायदा दिसत नाही

लॉट (एका खेपेत काढायचे नग) तेवढाच ठेवला असेल तर दिसणार नाही. बदलाचा खर्च चौथ्या हिश्श्यावर आला तर किफायती लॉट निम्म्यावर येतो, कारण तो खर्चाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात चालतो. लॉट निम्मा केला की बदल दुप्पट होतात, तयार मालाचे ढीग घटतात आणि बदल वारंवार होत असल्याने हातही तयार राहतात. महिन्यातून एकदाच चढणाऱ्या डायवर कोणाचाच हात बसत नाही.

वेळ उलट जास्तच उतरला, १५ मिनिटांच्या खाली गेला, तर आनंदाआधी एक गोष्ट पाहा: रॅमखालचा सेफ्टी ब्लॉक लागतोय का. मेन स्विच बंद, फ्लायव्हील पूर्ण थांबलेलं, ब्लॉक आत, मगच हात आत. मिनिटं कमी करायच्या शर्यतीत पहिला बळी याचाच जातो. ब्लॉकच्या साखळीलाच कंट्रोलचा प्लग जोडून घ्या, म्हणजे ब्लॉक जागेवरून उचलला की प्रेस चालू होणारच नाही.

हे सगळं मेकॅनिकल सी-फ्रेम प्रेसपुरतं. खोल ड्रॉच्या, कुशन पिन (पत्र्याला खालून दाब देणाऱ्या पिना) असलेल्या किंवा हायड्रॉलिक प्रेसवर जुळवणीचा वेळ उंचीऐवजी दाबात आणि पिनांच्या मांडणीत जातो; तिथे व्हिडिओ आणि फोड तशीच करा, पण पॅरललवर पैसे घालण्याआधी कुशनचा दाब प्रत्येक डायच्या कार्डावर लिहिला आहे का ते पाहा.